पुढच्या गुरुजींसाठी लिहिलेली नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल सरत आलाय. शाळा सकाळच्या झाल्यात. ऊन तापायच्या आत लेकरं घरी जातात आणि मग रिकाम्या वर्गात गुरुजी, बाई निकालाची कागदं घेऊन बसतात. १ मेला झेंडावंदन झालं की निकाल सांगायचा. त्याआधी पेपर तपासायचे, गुण चढवायचे, श्रेणी काढायची आणि प्रत्येक लेकराच्या नावापुढं वर्णनात्मक नोंद लिहायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, आणि आज मला या नोंदीबद्दलच बोलायचंय. लेकरू जूनमध्ये कुठं होतं आणि आता कुठं आलं, हे शब्दांत सांगायला प्रगतिपत्रकात तेवढीच जागा असते. घाईघाईत भरली जाते तीही तीच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात तिसरी-चौथीसाठी शंभरातले ६० गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गात चाललेल्या मूल्यमापनाचे, आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे धरले. म्हणजे एका दिवसाच्या पेपरापेक्षा वर्षभराच्या कामाला जास्त वजन. आकारिकच्या साधनांची यादी काढून बघा, पहिलं नाव दैनंदिन निरीक्षणाचं आहे. मला ही मांडणी मनापासून पटते. लेकराकडं रोज बघायचं, आणि जे दिसलं ते लिहायचं.

लिहिलं काय जातं? ‘वाचन चांगले करतो.’ ‘गणितात सुधारणा आवश्यक.’ ‘वर्गात लक्ष देते.’ अशा तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि त्यातून एकेक ओळ उतरवली जाते. दोन शिक्षकांवर चार वर्ग, वरून रोजची ऑनलाइन माहिती, हे ओझं मला ठाऊक आहे. पण ती ओळ वर्गातल्या कुठल्याही लेकराच्या नावापुढं चालते, आणि म्हणूनच ती कुणाच्याच कामाची राहत नाही.

एक वही सांगते. तिसरीतला मुलगा, बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. त्यानं उत्तर लिहिलं ३५. तपासणाऱ्यानं चूक म्हणून फुली मारली असती आणि पान उलटलं असतं. मी त्याला विचारलं, कसं केलंस रे? तो म्हणाला, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ अगदी ठामपणे म्हणाला. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्यानं दुसरीत नीट शिकून घेतलेलं, आणि तो नियम तो प्रत्येक घरात इमानानं पाळत होता. हा निष्काळजीपणा नव्हे. मग त्याच्यापुढं काड्या ठेवल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. त्यानं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. थोडा वेळ माझ्याकडं बघितलं, मग एका गठ्ठ्याचं रबर काढून पाच काड्या मोजून दिल्या. उरलेल्या मोजल्या, वही ओढली, ३५ खोडून २५ केले.

आता या मुलापुढं ‘गणितात सुधारणा आवश्यक’ लिहायचं का? मी लिहिलं, ‘हातच्याची वजाबाकी काड्यांनी अचूक करतो. वहीत मात्र अजून एककाच्या घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो.’ जूनमध्ये चौथीला जे कुणी शिकवतील, त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल की याला काड्यांवरून वहीवर आणायचंय. ते मीच असेन असं नाही. आपल्या बदल्या होतात. नव्या गावातून आलेल्या गुरुजींना त्या लेकराचं नावसुद्धा माहीत नसतं, त्यांच्या हाती आपलं रजिस्टर तेवढं असतं.

मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात दिवाळीच्या आगेमागे गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. काही लेकरं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. काही आईबापासंगं जातात, त्यांना आपण शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात ती परत वर्गात येऊन बसतात आणि त्यांच्यापुढं तोच पेपर येतो, जो सगळ्यांपुढं आलेला असतो.

अशी एक मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. जाण्याआधी ती परिच्छेद सलग वाचायची. परत आली तेव्हा प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबू लागली. श्रेणी खाली गेली, ते पत्रकात दिसतंच. पण फडात, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, वडील गाडी भरत असताना मोळ्या मोजायचं काम तिच्याकडं असायचं. दहा मोळ्या झाल्या की एक रेघ, अशा रेघा ती मातीत ओढायची आणि गाडी भरली की एका दमात आकडा सांगायची. वर्गात मी दशकांची बेरीज घेतली, तेव्हा बाकीचे एकेक करून पुढं मोजत होते आणि हिनं रेघा ओढून उत्तर दिलं. मग फळ्यावर येऊन इतरांनाही समजावलं. तिच्या नोंदीत मी दोन्ही लिहिलंय. वाचन कुठं अडलंय ते, आणि मोजणं कुठवर पोचलंय ते. निपुण भारत अभियान २०२१ साली आलं, तेव्हापासून तिसरीपर्यंत समजून वाचणं आणि हिशेब करणं यावर सगळ्यांचा भर आहे. किती लेकरं कोणत्या स्तरावर, हा तक्ता कार्यालयाला लागतो आणि तो द्यायलाही हवा. पण या मुलीसारखं लेकरू त्या तक्त्यात एकाच रकान्यात बसत नाही.

तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या, लेकरांचंही तसंच. पहिलीत आलेला मुलगा महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि त्याच्यापुढं ‘बोलत नाही’ असं लिहिलं जातं. डब्याच्या वेळी आपल्या भावंडांशी तो गोरमाटीत, आपल्या घरच्या बोलीत, अख्खी गोष्ट सांगत असतो. ती ऐकली असेल तर नोंद वेगळी होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवते. निकाल लागला की टाचण वही, म्हणजे रोज काय शिकवायचं ते लिहिलेली वही, कपाटात टाकू नका. एक दिवस काढून ती पुन्हा वाचा. कोणता घटक दोनदा, तीनदा घ्यावा लागला, कुठं साहित्य आणल्यावर लेकरं उजळली, ते समासात लिहून ठेवा. आणि लेकरांनाही एक पान लिहायला द्या, वर्गात काय समजलं, काय समजलं नाही याबद्दल. नाव घालायची सक्ती नको. आमच्या केंद्रातल्या एका शाळेत एका लेकरानं लिहिलं होतं, ‘तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलता ते मागच्या पट्टीवर ऐकू येत नाही.’ ही गोष्ट कुठल्याच तपासणीत त्या सरांना कुणी सांगितली नव्हती. आता ते आधी लिहितात, मग वळून बोलतात.

आणि पालकहो, निकालाच्या दिवशी शाळेत जरूर या. किती टक्के पडले, कितवा नंबर आला, हे विचारण्याआधी बाईंना विचारा, ‘जूनमध्ये माझ्या लेकराला काय येत नव्हतं आणि आता काय येतंय?’ उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. सुट्टीत घरी काय करून घेऊ, तेही विचारा. ज्यांचे आईवडील अजून फडावरून परतले नाहीत, त्यांच्या आजी येतात. त्यांच्या हातात पत्रक देऊन मोकळं होऊ नये, त्यांना बसवून नोंद मोठ्यानं वाचून दाखवावी, कळेल अशा भाषेत. आजी ती फोनवर लेकाला, सुनेला सांगतात.

ऐकल्याबद्दल आभार. नमस्कार.