कोकमतेलाचा गोळा मे महिन्यातही का वितळत नाही

(दृश्य: सिंधुदुर्गातलं घर, मे महिन्यातली दुपार. तळहातावर पांढरट गोळा.)

घामानं कपडे अंगाला चिकटलेत, आणि हा कोकमतेलाचा गोळा मात्र बोटानं दाबला तरी दबत नाही.

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तेल निवलं की मुठीत दाबून असे गोळे वळायचे. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. नाव तेलाचं, पण घट्टपणात तुपालाही मागे टाकणारं. शेजारच्या बाटलीतलं शेंगदाण्याचं तेल मात्र पौषातल्या थंडीतही पातळच.

दोन्ही बियांतून निघालेली. रेणूची बांधणीही सारखीच: ग्लिसरॉल नावाच्या छोट्या रेणूला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. वेगळेपण आहे ते या साखळ्यांत.

कोकमतेलात निम्म्याहून जास्त असतं स्टिअरिक आम्ल. 18 कार्बन, 36 हायड्रोजन. साखळीतल्या कार्बनचे सगळे हात भरलेले, म्हणून ते संपृक्त. शेंगदाण्याच्या तेलात भर ओलेइक आम्लाचा. कार्बन तेच 18, हायड्रोजन 34. नवव्या आणि दहाव्या कार्बनचा एकेक हात मोकळा राहतो, आणि ते दोघे एकमेकांनाच दुसऱ्यांदा धरतात. हा दुहेरी बंध. हे आम्ल असंपृक्त.

(दृश्य: परसात सरपण. एकीकडे सरळ काटक्यांची मोळी, दुसरीकडे वाकड्या फांद्यांचा ढीग.)

दुहेरी बंधापाशी साखळी कोपरासारखी वाकते. सरळ काटक्या एकमेकींना चिकटून बसतात, वाकड्या फांद्यांत फटी राहतात. साखळ्यांचंही तसंच. म्हणून स्टिअरिक आम्ल वितळायला सुमारे 69 अंश सेल्सिअस लागतात, ओलेइकला 13 च्या आसपास पुरतात. फक्त दोन हायड्रोजन, आणि 56 अंशांची तफावत! कितीही वेळा वाचलं तरी याचं नवल ओसरत नाही.

कोकमतेलाच्या बहुतेक रेणूंत कडेला दोन स्टिअरिक आणि मधोमध एक ओलेइक. कोकोच्या मेदातही मधली जागा बहुधा ओलेइकचीच, म्हणून युरोपात चॉकलेटमध्ये ठरावीक मर्यादेत कोकमतेल घालायला परवानगी आहे.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास असणाऱ्या आम्लात असे तीन दुहेरी बंध असतात. त्यांच्या मधल्या कार्बनांवर हवेतला ऑक्सिजन चटकन हल्ला करतो, आणि तेल खवट होतं.

(दृश्य: वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा.)

मग माणसानं ते दोन हायड्रोजन बाहेरून भरायचं ठरवलं. 1902 मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी निकेलच्या साहाय्यानं तेलात हायड्रोजन जोडण्याचं पेटंट घेतलं. पातळ तेलाचं घट्ट वनस्पती तूप झालं. पण अर्धवट प्रक्रियेत काही बंध तसेच राहिले आणि साखळी मात्र सरळ झाली. हेच ट्रान्स मेद, हृदयाला संपृक्त मेदापेक्षाही घातक. भारतात जानेवारी 2022 पासून तेला-तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे. ती खूप आधी यायला हवी होती.

(दृश्य: संध्याकाळ. निखाऱ्याजवळ धरलेला गोळा, मग भेगाळलेली टाच.)

आजी गोळा निखाऱ्याजवळ किंचित शेकवते आणि टाचेच्या भेगेवर दाबते. ऊब लागली तेवढ्याच साखळ्या एकमेकींपासून सुटतात. तेल भेगेत उतरतं, आणि निवता निवता तिथेच पुन्हा थिजतं.