दोघांच्या घरातला तिसरा माणूस

सकाळचे सहा वाजले आहेत. वडील पलंगाच्या कडेला बसून शर्टाचे दुसरे बटण लावत आहेत. बटण दिसते आहे, काजही दिसते आहे. परंतु कर्करोगावरच्या केमोथेरपीच्या काही औषधांनी बोटांची टोके बधिर होतात आणि मग एवढे मोठे बटणसुद्धा चिमटीत राहत नाही. शेजारी उभी असलेली आई हात पुढे करते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मागे घेते. ती स्वतः पंचाहत्तरीची आहे. रात्री तीनदा उठली आहे, आणि त्यांना आधार देता देता तिची कंबर धरली आहे. फाईलवर मात्र नाव एकाचेच आहे.

घरी मदतनीस नेमायचा विचार बहुतेक कुटुंबांत रुग्णाकडे पाहून सुरू होतो. तो आधी दुसऱ्याकडे पाहून सुरू व्हायला हवा, असे आम्हाला ठामपणे वाटते. कारण वृद्ध जोडप्यात एकाचा उपचार सुरू झाला की दुसरा न सांगता पूर्णवेळ कामाला लागतो, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या विसरतो, आणि तो कोलमडला की दोन्ही माणसांची व्यवस्था एकाच दिवसात मोडते.

मदत किती तास हवी, या प्रश्नाचे उत्तर उपचाराच्या तारखांत असते. केमोच्या सायकली, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचे टप्पे, अनेकदा दोन किंवा तीन आठवड्यांच्या असतात. पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा यांचे असतात. पुढे, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान, बऱ्याच औषधांच्या बाबतीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात; त्या काळात माणूस वरकरणी बरा दिसतो, पण जंतुसंसर्गाचा धोका तेव्हाच अधिक असतो. त्यानंतर पुढच्या डोसपर्यंत थोडी उसंत मिळते. केमोबरोबर स्टेरॉइड दिले असेल, तर त्या रात्री झोप उडते, म्हणजेच आईचीही उडते. रेडिएशनचे, म्हणजे किरणोपचाराचे, गणित वेगळे आहे: ते पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालते आणि थकवा साचत जाऊन शेवटी शेवटी, कधी उपचार संपल्यावरही, अधिक जाणवतो. म्हणून रोजचे ठरावीक दोन तास लावून मोकळे होण्याऐवजी रुग्णालयाकडून तारखा मागून घ्याव्यात, आणि कोणत्या दिवशी पूर्ण दिवस माणूस हवा, कोणत्या रात्री हवा, हे त्या तारखांसमोर मांडावे.

मदतनीस आणि नर्स यांची कामेही आरंभीच वेगळी करावी लागतात. आंघोळीला आधार देणे, चालताना सोबत करणे, कपडे, अंथरूण, गोळ्यांची आठवण ही मदतनिसाची कामे झाली. इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग, औषध शिरेत देण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टची निगा यांना प्रशिक्षित हातच हवेत. घाईच्या वेळी ही रेघ पुसली जाते, आणि भला माणूस नाही म्हणू न शकल्यामुळे नको ते करून बसतो.

काही गोष्टी मात्र मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. थर्मामीटरमध्ये ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर फोन करायचा. त्याआधी आपल्या मनाने पॅरासिटामॉल द्यायचे नाही, कारण त्याने ताप झाकला जातो. केमोनंतर निदान ४८ तास, किंवा रुग्णालय सांगेल तितका काळ, उलटी, लघवी किंवा मळके कपडे हाताळताना हातमोजे घालायचे. केमोच्या गोळ्या कुटायच्या नाहीत, आणि गरोदर बाईने त्यांना हात लावायचा नाही. मदतनिसाला स्वतःला सर्दी-खोकला झाला असेल, तर त्या दिवशी येऊ नये. पण असा दिवस पगारातून कापला जाणार असेल, तर मदतनीस आजार लपवून येईल. तो दिवस भरून देणे हा वडिलांच्या सुरक्षिततेचाच खर्च आहे.

आणि तरीही आई म्हणते, आम्हाला कुणाची गरज नाही. या नकाराशी वाद घालून उपयोग होत नाही. चाळीस-पन्नास वर्षे स्वतः चालवलेल्या घरात परका माणूस येणार असतो, कपाटे उघडणार असतो, नवऱ्याला आंघोळ घालणार असतो. तिला असे विचारावे, की आई, तुझ्या हातात कोणते काम राहू दे? कदाचित औषधे तिलाच द्यायची असतील, पण रात्रीचे उठणे नको असेल. वडिलांनाही विचारावे, कारण अंगाला कोणाचा हात लागावा, हा निर्णय त्यांचा आहे. मदतनिसाची पहिली ओळख सायकलमधल्या बऱ्या दिवसांत व्हावी. उलट्यांच्या रात्री दारात उभा राहिलेला अनोळखी चेहरा कोणालाही नको वाटतो.

दूर राहणाऱ्या मुलांनी रोज चौघांनी चार फोन करण्यापेक्षा एकाने करावा आणि घरात एक वही ठेवावी.

ही ती वही. डाव्या पानावर वडिलांचा ताप, प्यायलेले पाणी, शौचाला झाले की नाही, झोप. यातली तिसरी नोंद किरकोळ वाटते, पण मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी होणारा बद्धकोष्ठ वृद्ध माणसाला फार हैराण करतो आणि लाजेपायी तो सांगितला जात नाही. उजवे पान मदतनिसाने स्वतःहून आखले आहे. त्यावर आईच्या गोळ्यांच्या वेळा आहेत, आणि कालच्या तारखेखाली निळ्या शाईत एक ओळ: आजी दुपारी दीड तास झोपल्या.