गार जमिनीला टेकेपर्यंत

[दृश्य : सकाळ. गच्चीवर पांढरी झडपांची लाकडी पेटी, आत दोन तापमापक. मागे पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर.]

निवेदन :

एप्रिल-मेचं कोल्हापूर. सकाळी आभाळ स्वच्छ, नऊलाच उन्हाचा चटका, आणि दुपारी चारच्या सुमाराला कागलच्या अंगाला एक ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर चढायला लागतो. तो नुसता गडगडून विरेल, टपोऱ्या थेंबांची एक सर टाकून जाईल, की गारा घेऊन उतरेल? हवामानाचे हौशी निरीक्षक दर उन्हाळ्यात याच प्रश्नाच्या मागे असतात.

प्रश्न हौसेपुरता नाही. वीटभट्टीवर कच्च्या विटा उघड्यावर वाळत असतात. गारांनी त्यांचे कोपरे फुटतात, पाठोपाठच्या पाण्यानं चिखल होतो. प्लास्टिक ओढून वर दगड ठेवायला भट्टीवाल्याला अर्धा-पाऊण तास लागतो. शिरोळकडचं शेडनेट, शिवारातला कडबा, केळीची पानं, सगळ्यांचं गणित त्या अर्ध्या तासावर अवलंबून असतं.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर तापमानाची वर चढत जाणारी तिरपी रेघ.]

दिवस सुरू होतो गोव्यापासून. हवामान विभाग पणजीहून उपकरण बांधलेला फुगा सोडतो. जागतिक वेळेनुसार शून्य वाजताची ही नोंद, म्हणजे आपली पहाटे साडेपाचची. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिचा आलेख मिळतो. त्यात आधी बघायची ती शून्य अंशाची पातळी, म्हणजे तापमान ज्या उंचीवर शून्यावर येतं ती. या दिवसांत ती समुद्रसपाटीपासून साडेचार ते पाच किलोमीटरवर असते. मग ३ ते ६ किलोमीटरच्या मधला उतार : तापमान किलोमीटरमागे ७ अंशांहून जास्त उतरत असेल, तर वर गेलेला ढग जोरात चढणार. शेवटी जमिनीजवळचा वारा आणि ६ किलोमीटरवरचा वारा यांतला फरक. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्याकडे हा फरक सहसा कमी असतो, त्यामुळे एकेक ढग अर्धा-पाऊण तास जगतो आणि मोडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, तेव्हा ढग तिरका होतो, त्याचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेवर पडत नाही आणि तो जास्त वेळ टिकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर रब्बी झोपवणारी गारपीट झाली, ती याच मोसमातली.

पण गोव्याचा आलेख जसाच्या तसा कोल्हापूरला लावला की फसगत ठरलेली. पणजी समुद्रकाठी, कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि सह्याद्रीच्या अलीकडे. म्हणून आलेखाचा वरचा भाग ठेवायचा आणि खालचा भाग पुसून तिथं आपल्या गच्चीवरच्या दुपारच्या नोंदी बसवायच्या.

त्यासाठी ओला-कोरडा तापमापक हवा. एका तापमापकाच्या फुग्याला मलमलची पट्टी, तिचं टोक शुद्ध पाण्याच्या बाटलीत. नळाचं पाणी वापरलं की पट्टीवर क्षार धरतात, पट्टी कडक होते आणि ओलं तापमान खोटंच जास्त दिसायला लागतं. पेटी जमिनीपासून सव्वा मीटरवर, शक्यतो गवतावर. गच्चीच ठेवायची वेळ आली, तर पत्र्यापासून आणि पाण्याच्या काळ्या टाकीपासून लांब. तापलेला पत्रा शेजारी असला की नोंद सहज तीन-चार अंशांनी चुकते आणि पुढचं सगळं गणित त्या चुकीवर उभं राहतं.

कोरड्या आणि ओल्या तापमानावरून दवबिंदू काढता येतो, म्हणजे हवा किती अंशांवर उतरली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल तो आकडा. समजा दुपारी दोनला तापमान ३८ आणि दवबिंदू २०. दोन्हींतला फरक १८. त्याला १२५ नं गुणायचं : २२५०. ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटरवर येणार. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धा आटतो, आटताना हवा थंड आणि जड करतो, आणि ती हवा जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. वळवाच्या आधी येणारं धुळीचं वादळ ते हेच. गारांसाठी मात्र हा कोरडेपणा फायद्याचा. पडणाऱ्या गारेच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं, ती थंड राहते आणि कमी वितळते. म्हणून अनुभवी निरीक्षक शून्य पातळी कोरड्या तापमानाची बघतातच, ओल्या तापमानाचीही बघतात. ती जितकी खाली, तितकी गार जमिनीपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त.

दवबिंदूवर दुपारभर नजर ठेवायची. सकाळी १४-१५ वर असलेला आकडा तीनच्या सुमाराला भरभर १९-२० कडे गेला, वारा पश्चिमेचा झाला आणि अंगाला चिकचिक सुटली, तर कोकणातला खारा वारा घाट चढून आला म्हणून समजायचं.

[दृश्य : उपग्रहाचं चित्र. घाटमाथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग.]

आता आकाशातून. इन्सॅट ३डीआर हा उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ ला सोडला. तो विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे, आणि कोल्हापूरचा रेखांश ७४.२. म्हणजे तो जवळजवळ आपल्याच रेघेवर, सरळ दक्षिणेला आहे. याचा एक परिणाम नकाशावर दिसतो. उपग्रह ढगाकडे दक्षिणेकडून तिरका बघतो, त्यामुळे १४ किलोमीटर उंच ढगाचा माथा चित्रात खऱ्या जागेपेक्षा सुमारे ५ किलोमीटर उत्तरेला दिसतो. पूर्व-पश्चिम फरक जवळपास नाही. चित्रात ढग शहरावर दिसला, तर प्रत्यक्षात तो गोकुळ शिरगावच्या बाजूला असू शकतो.

साध्या प्रकाशातलं चित्र १ किलोमीटर बारकाव्याचं, उष्णतेचं ४ किलोमीटरचं. दुपारी एक-दोनपर्यंत साधं चित्र कामाचं. राधानगरी, आजरा, चंदगड या घाटपट्ट्यावर छोट्या ढगांची माळ धरते का, ते त्यात दिसतं. ढग उंच गेले की उष्णतेचं चित्र उघडायचं आणि माथ्याचं तापमान वाचायचं. उणे ६० च्या खाली गेलेला, कडा धारदार असलेला माथा म्हणजे खाली जोर आहे. कडा पिंजल्यासारखी झाली की ढग ओसरायला लागला. चित्रावरची वेळ जागतिक असते. साडेपाच तास मिळवल्याशिवाय काहीही बोलू नये.

[दृश्य : रडारचं चित्र. वरच्या आणि उजव्या पट्टीत उंचीचे आकडे.]

खरं काम रडारवर. आपल्या बाजूला बघणारं डॉप्लर रडार गोव्याचं, दर दहा मिनिटांनी नवं चित्र. रडारच्या लहरी ढगातल्या थेंबांवर, गारांवर आपटून परत येतात, तो परतावा. त्याची ताकद डीबीझेड या एककात. नवखी नजर लाल-जांभळ्या रंगावर खिळते. पण गारांसाठी बघायच्या त्या कडेच्या दोन पट्ट्या, ज्यांत परतावा किती उंचीवर आहे ते दिसतं. नियम असा : ४५ डीबीझेडचा भाग शून्य पातळीच्या वर किमान १.४ किलोमीटर चढला, की गारांची शक्यता धरायची. शून्य पातळी ४.८ असेल तर ६.२. तो भाग आठ-नऊ किलोमीटरवर गेला तर फोन उचलायचा. तेवढ्या उंचीवर हवा उणे २० च्या आसपास असते, आणि तिथं जड परतावा टिकून आहे म्हणजे खालून वारा काहीतरी वजनदार तोलून धरतो आहे. दोन सेंटिमीटरची गार तोलायला ताशी ४५ किलोमीटरहून वेगाचा, वर जाणारा वारा लागतो.

या रडारची मर्यादा मात्र पाठ असायला हवी. पणजी ते कोल्हापूर सरळ अंतर सुमारे १४० किलोमीटर. नकाशावर रेघ ओढली, तर ती आंबोलीच्या अंगावरून जाते. रडारचा सगळ्यात खालचा, अर्ध्या अंशाचा झोत तिथं पोचतो तेव्हा सहाशे-सातशे मीटर उंचीवर असतो आणि आंबोलीचे डोंगर त्याच उंचीचे. झोताचा खालचा भाग तिथंच अडतो. उरलेला पृथ्वीच्या गोलाईमुळे वर वर जात कोल्हापूरवर येतो तेव्हा समुद्रसपाटीपासून जवळपास २.४ किलोमीटरवर असतो, आणि तोपर्यंत त्याची जाडीही तेवढीच झालेली असते. आपल्या जमिनीपासून मोजलं, तर झोताचा मध्य १.८ किलोमीटर वर. त्याखाली काय चाललंय याचा धड पत्ता रडारला लागत नाही.

एक सेंटिमीटरची गार सेकंदाला नऊ-दहा मीटरनं पडते. हा आंधळा थर पार करायला तिला तीन मिनिटं. गार थेंब होते की गार राहते, हे बऱ्याच अंशी या तीन मिनिटांत ठरतं. कोल्हापूरच्या माणसानं जमिनीवर काय पडलं ते मोजायचं, ते या तीन मिनिटांसाठी.

वेग काढणं सोपं. दहा मिनिटांच्या अंतरानं दोन चित्रं, मधलं अंतर गुणिले सहा. चार किलोमीटर सरकला तर ताशी २४. मग निपाणीवरचा ढग ३५ किलोमीटर कापून दीड तासात कोल्हापुरात, असं म्हणावंसं वाटतं, आणि नेमकी इथंच सगळ्यात जास्त वेळा चूक होते. तो ढग दीड तास जगणारच नाही. तो मोडताना त्याच्यातून सुटलेली थंड हवा पुढं सरकते, समोरची ओली हवा उचलते आणि तिथं नवा ढग उभा करते. माग ढगाचा नाही, त्या थंड हवेच्या कडेचा काढायचा. रडारवर ती कधीकधी पातळ कमान म्हणून दिसते. पण इतक्या लांबून बहुतेक वेळा दिसत नाहीच. तेव्हा कागलमधून आलेला फोन कामाला येतो : “वारा फिरला, धुरळा उठला, चार वाजून बारा मिनिटं.”

[दृश्य : मोबाईलवर विजांचे ठिपके. पुढे काळं आभाळ.]

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत विजा दाखवतं. जीव वाचवायला ते आहेच, शिवाय ढगाची नाडीही त्यावर कळते. काही मिनिटांत विजांची संख्या एकदम दुप्पट-तिप्पट झाली, तर आत वर जाणारा वारा वाढला. गारा साधारण दहा-वीस मिनिटांत खाली येऊ शकतात. भट्टीवाल्याला निरोप द्यायचा तो आत्ता. उणे माथा, चढलेला परतावा आणि विजांची उसळी, तिन्ही जुळेपर्यंत थांबलं तर प्लास्टिक ओढायला वेळ उरत नाही. दोन जुळल्या की कळवावं. एखादा निरोप फुकट गेला तरी चालेल.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीनानं भागायचं, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की गच्ची सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा चढायची नाही. चित्रण खिडकीतून. झाडाखाली किंवा जोतिबाच्या उघड्या माथ्यावर उभं राहून ढग टिपू नये. चैत्र यात्रा नेमकी याच दिवसांत येते, तेव्हा डोंगरावरच्या माणसांना हे आधी सांगावं.

मोबाईलमध्ये वायुदाबमापक असेल, तर कोल्हापुरात तो ९४५ मिलिबारच्या आसपास दाखवतो. चक्रीवादळ आलेलं नाही. आपण उंचावर आहोत एवढाच त्याचा अर्थ. थंड हवेची लाट पोचली की तो एक-दोन मिलिबारनं झटकन वर जातो आणि तापमान दहा मिनिटांत दहा-बारा अंश उतरतं. ती वेळ मिनिटासकट लिहायची.

[दृश्य : पत्र्यावर गारा. आवाजात निवेदन थांबतं. मग अंगणात विखुरलेल्या गारा.]

आवाज आधी तुरळक, टण्, टण्. मग पत्रा ताशासारखा वाजायला लागतो. सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, वारा कुठून.

थांबल्यावर, विजा लांब गेल्यावर, हातात पाच मिनिटं असतात. सगळ्यात मोठी गार आणि सर्वसाधारण आकाराच्या दहा गारा सावलीतून उचलायच्या, चिमट्यानं, बोटांनी वितळतात. व्हर्निअरनं सगळ्यात लांब बाजू मिलिमीटरमध्ये. ‘बोराएवढी’ हा शब्द बोलायला चांगला, नोंदीला नाही. बोर दीड सेंटिमीटरचंही असतं आणि चारचंही. फोटोत पट्टी हवीच. एक-दोन गारा प्लास्टिकच्या पिशवीत वेगवेगळ्या गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये टाकायच्या, एकत्र टाकल्या तर चिकटून गोळा होतो. नंतर एक गार कोमट लोखंडी पट्टीवर घासून अर्धी करायची. आत कांद्यासारखे थर दिसतात. दुधी थर म्हणजे पाणी टेकताक्षणी गोठलं, हवेचे बुडबुडे आत अडकले. काचेसारखा थर म्हणजे पाणी जास्त होतं, सावकाश गोठलं.

पर्जन्यमापकाचं काम आणखी किचकट. नरसाळ्यात गारा अडकतात, काही उसळून बाहेर जातात. आपोआप मोजणाऱ्या यंत्राचं तोंड बुजलं तर ते पाऊस नाही असं सांगतं, आणि अर्ध्या तासानं, गारा वितळल्यावर, कोरड्या आभाळाखाली पाऊस दाखवतं. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या साध्या मापकात मोजून १०० मिलिलिटर कोमट पाणी ओतायचं, गारा वितळू द्यायच्या, एकूण पाण्यातून १०० वजा करायचे. उरलेल्या दर २० मिलिलिटरला १ मिलिमीटर पाऊस.

[दृश्य : चांदीचा कागद लावलेला थर्माकोलचा चौकोन. त्यावर खड्डे.]

आणि गारांची पाटी. अडीच सेंटिमीटर जाडीचा, ३० बाय ३० चा थर्माकोल, वर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद ताणून, खालून चिकटपट्टी. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. विटांवर सपाट ठेवून दोरीनं बांधायची, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात शेजारच्या उसात जाते. खड्ड्यावरून गारेचा आकार कळायला आधी पाटी तपासावी लागते, त्यासाठी उद्यमनगरात मिळणारे पोलादी छर्रे पुरतात. १ सेंटिमीटरचा छर्रा अर्ध्या मीटरवरून आणि २ सेंटिमीटरचा सुमारे एक मीटरवरून सोडला, की तेवढ्याच गारेच्या माराएवढा मार बसतो. पोलाद बर्फापेक्षा साडेआठपट जड, म्हणून इतकी कमी उंची पुरते. त्या खड्ड्यांचा व्यास लिहून ठेवायचा, तोच पुढं मोजपट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पावसाची नोंद घेतल्यावर पाट्या गोळा होतात. पाटीचं क्षेत्र ९०० चौरस सेंटिमीटर. खड्डे मोजून ११.१ नं गुणले की चौरस मीटरमागे गारा किती ते येतं. खड्डा एका बाजूला लांबट असेल तर गार वाऱ्याबरोबर तिरकी आली. एका पाटीवर चाळीस खड्डे, तीन किलोमीटरवरची पाटी कोरी, असं वरचेवर होतं. गारांचा पट्टा अरुंदच असतो. मग नकाशावर खड्ड्यांच्या पाट्यांना लाल, कोऱ्यांना निळा ठिपका, आणि त्यावर आदल्या दिवशीची चार वाजून वीस मिनिटांची रडारची आकृती. वरचा जांभळा डाग आणि खालचे लाल ठिपके सहसा एकावर एक बसत नाहीत. वाऱ्यानं गार किती सरकवली ते या अंतरातून मोजता येतं, दिशेसकट.

जुना कागद तारीख टाकून फाईलमध्ये. थर्माकोल उलटा करून त्यावर नवा कागद, कोपऱ्यात पुन्हा उत्तरेचा बाण. दुपारचे दोन वाजलेत. दवबिंदू १७.

[दृश्य : पेटीचं दार बंद होतं. मागे घाटाच्या बाजूला पहिला पांढरा ढग.]