बुडालेलं जहाज जिथल्या तिथं

नमस्कार श्रोतेहो. आयर्विन पुलावरून कृष्णेत सूर मारणाऱ्या सांगलीकरांना पोहणं काय शिकवायचं? पण आपली पोरं आता सुट्टीत तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करतात, म्हणून आज बुडालेल्या जुन्या जहाजांविषयी बोलतो.

पहिला प्रश्न ठरलेला: खजिना मिळतो का हो? गोव्याजवळ समुद्रात, सुंची रीफ या खडकाळ जागी १७व्या शतकातलं पोर्तुगीज जहाज सापडलं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या बुडी मारणाऱ्या माणसांना तिथं तोफा, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात मिळाले. त्या काळी जहाजं काय काय वाहत होती, हे त्या दातांवरून कळलं. माझ्या मते खजिना तो हाच.

मग अख्खं जहाजच वर का काढू नये? स्वीडननं १९६१ साली 'वासा' हे जुनं युद्धजहाज वर काढलं. बाल्टिक समुद्र कमी खारट, तिथं लाकूड पोखरणारा शिपवर्म जगत नाही, म्हणून ते टिकलं होतं. तरी वाळून तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षं रसायन फवारावं लागलं. आपल्या अरबी समुद्रात शिपवर्मला तोटा नाही. उघडं लाकूड तो फस्त करतो. गाळात गाडलेलं राहतं, कारण तिथं प्राणवायू पोचत नाही. महापुरानंतर घरातला गाळ उपसलेल्या आपल्या माणसांना गाळाचं कौतुक कसं सांगायचं, पण तिथं राखणदार तोच.

म्हणून युनेस्कोचा २००१ चा करार म्हणतो, आधी जागेवरच जतनाचा विचार करा. ग्रीसमध्ये अलोनिसोस बेटाजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचं जहाज २०२० पासून पाण्याखालचं संग्रहालय झालंय. लाकूड संपलंय; मद्याच्या हजारो मातीच्या कुंभांचा ढीग मात्र जहाजाच्याच आकारात पडलाय. वाटाड्या पाणबुड्याबरोबर जायचं, बघायचं, परतायचं.

बघणंही सोपं नाही बरं का. तळाजवळ आडवं तरंगायचं, गुडघे टेकायचे नाहीत. फिनचा, म्हणजे पायात घालायच्या पंखाचा, एक फटका खाली बसला की गाळ उठतो, समोरचं काही दिसत नाही आणि झाकलेलं लाकूड उघडं पडतं. तरंगणं जमलं, मग टेप धरून मापं घ्यायची, प्रत्येकात आधीच्याचा थोडा भाग येईल असे फोटो काढायचे. जहाजाचा त्रिमितीय नकाशा त्यातूनच बनतो.

सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात नौदलाचं निवृत्त जहाज 'गुलदार' बुडवून संग्रहालय करायची योजना आहे. ऐतिहासिक अवशेष नव्हे ते, पण हात बसवायला उत्तम. तिथं चूक झाली तर इतिहास तरी बुडणार नाही! आणि पुढे कुठं खरी जुनी तोफ दिसलीच, तर फोटो घ्या, जागा टिपा, पुरातत्त्व खात्याला कळवा. घरी आणू नका. मिठात मुरलेलं लोखंड वाळलं की पापुद्रे सुटून झडतं.