नूरुद्दीन नायबेत : कासाब्लांकाचा बुरूज

नमस्कार श्रोतेहो.

23 जून 1998. फुटबॉलचा विश्वचषक, गटातला शेवटचा सामना. फ्रान्समधल्या सेंट-एतियनचं मैदान. मोरोक्कोने स्कॉटलंडला 3-0 असं हरवलंय, बसीरचे दोन गोल, हद्दाचा एक. त्याच वेळी मार्सेयमध्ये नॉर्वे आणि ब्राझीलचा सामना चालू आहे. ब्राझीलने नुसती बरोबरी साधली तरी मोरोक्को पुढच्या फेरीत जाणार. शेवटची सात-आठ मिनिटं उरेपर्यंत ब्राझील पुढे होता. मग नॉर्वेने बरोबरी केली, आणि सामना संपता संपता त्यांना पेनल्टी मिळाली. रेकडालने तिचा गोल केला, आणि मोरोक्को स्पर्धेबाहेर गेला. इकडे जिंकलेल्या पोरांच्या कानावर बातमी आली, आणि चालू झालेला जल्लोष जागच्या जागी थिजला. काही जण तिथेच गवतावर बसले.

त्या संघाच्या बचावाचा आधार होता नूरुद्दीन नायबेत. गोल करणाऱ्यांची नावं आपल्या सहज लक्षात राहतात. आज मला बोलायचंय ते गोल होऊ न देणाऱ्या या माणसाबद्दल. मोरोक्कोच्या बचावपटूंचं आज जगभर कौतुक होतं, तो रस्ता ज्याने मळवला त्याबद्दल.

नायबेतचा जन्म 1970 चा, कासाब्लांकाचा. अटलांटिकच्या काठावरचं हे मोठं बंदर. या शहरात फुटबॉल म्हणजे दोन तट : लाल कपड्यांचा ‘विदाद’ आणि हिरव्या कपड्यांचा ‘राजा’ हे दोन क्लब. एकाच घरात दोन भाऊ दोन तटांचे असू शकतात, आणि सामन्याच्या दिवशी त्यांचं बोलणं बंद! नायबेत लाल तटाचा. 1992 साली विदादने सुदानच्या अल-हिलालला हरवून पहिल्यांदाच आफ्रिकेच्या क्लब विजेत्यांचा करंडक घरी आणला, तेव्हा तो त्या संघात होता. बावीस वर्षांचा पोरगा. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकही खेळला.

हे मी मुद्दाम सांगतोय. 2022 च्या विश्वचषकात मोरोक्कोच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. नायबेतची घडण मात्र पुरती घरच्या मैदानावर झाली. तयार गडी म्हणून तो युरोपात उतरला. 1993 ला फ्रान्समधलं नांत, वर्षभराने लिस्बनचं स्पोर्टिंग, तिथे 1995 चा पोर्तुगीज कप, आणि 1996 मध्ये स्पेनमधलं देपोर्तिवो ला कोरुन्या. इथे तो तब्बल आठ वर्षं राहिला.

ला कोरुन्या हे गॅलिसियातलं, समुद्राकडेच तोंड केलेलं गाव. भरपूर पाऊस. रियासोर मैदानाच्या समोरच पुळण आहे. माद्रिद-बार्सिलोनापुढे हे गाव चिमुकलं. 1994 साली शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या मिनिटाला पेनल्टी हुकली आणि लीगचं विजेतेपद त्यांच्या हातून निसटलं होतं. ती जखम गावाने सहा वर्षं उरात बाळगली. 19 मे 2000 रोजी देपोर्तिवोने रियासोरवर एस्पान्योलला 2-0 हरवलं आणि लीग जिंकली. क्लबच्या इतिहासातलं ते पहिलं आणि आजवरचं एकमेव लीग विजेतेपद. त्या बचावाच्या मधोमध कासाब्लांकाचा हा माणूस उभा होता.

मग 6 मार्च 2002. रेआल माद्रिदचा शंभरावा वाढदिवस. स्पॅनिश कपचा अंतिम सामना त्याच दिवशी, त्यांच्याच बेर्नाबेऊ मैदानावर. सगळी तयारी यजमानांच्या मेजवानीची! समोर झिदान, राउल, फिगो. देपोर्तिवोने सामना 2-1 जिंकला, आणि गॅलिसियाहून आलेल्या लोकांनी यजमानांना वाढदिवसाचं गाणं म्हणून दाखवलं. नायबेत त्या दिवशीही मैदानात होता.

आणि 2004 चा एप्रिल. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, दोन सामन्यांतल्या गोलांच्या बेरजेवर निकाल. मिलानकडून पहिल्या सामन्यात 4-1 असा मार खाऊन देपोर्तिवो परतला होता. मिलान गतविजेता, सगळ्यांनी आशा सोडलेली. परतीच्या सामन्यात रियासोरवर स्कोअर लागला 4-0! पुढच्यांनी चार गोल केले, त्यांची नावं घ्यायलाच हवीत : पांदियानी, वालेरोन, लुके, फ्रान. पण मला मोठा वाटतो तो मिलानच्या नावापुढचा शून्य. त्या रात्री मिलानचा एक गोल झाला असता तरी सगळं गणित बिघडलं असतं. काका आणि शेवचेन्को समोर असताना चौतिशीतल्या नायबेतने आणि त्याच्या शेजारच्या आंद्रादेने ते दार उघडू दिलं नाही. प्रशिक्षक इरुरेता यांनी नवस बोलला होता. तो फेडायला ते सांतियागोच्या तीर्थाला पायी गेले. आपल्या वारकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यानंतर इंग्लंडमध्ये टॉटनहॅमकडून दोन मोसम, आणि क्लबची कारकीर्द तिथे थांबली. देशासाठी शंभराहून अधिक सामने, 1994 आणि 1998 असे दोन विश्वचषक. 2004 च्या आफ्रिका चषकात मोरोक्को अंतिम फेरीत पोहोचला तो नायबेतच्या नेतृत्वाखाली. अंतिम सामन्यात यजमान ट्युनिशियाने 2-1 असं हरवलं. आफ्रिकेचा मुकुट त्याच्या वाट्याला आलाच नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

मुंबई-गोव्याच्या प्रेक्षकांना मोरोक्कोचा खेळ अगदीच परका नाही. एफसी गोवा आणि नंतर मुंबई सिटीच्या मधल्या फळीतून लांबलचक पास देणारा अहमद जाहू आपण पाहिलाय. तोही मोरोक्कोचाच.

जाता जाता 2022 च्या कतारकडे वळतो. मोरोक्कोने आधी स्पेनला घरी पाठवलं, मग पोर्तुगालला, आणि उपांत्य फेरीत फ्रान्सकडून हरला. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स : इंग्लंडला जाण्याआधी नायबेत युरोपात ज्या देशांत खेळला तेच तिन्ही देश. उपांत्य फेरीपर्यंत मोरोक्कोवर फक्त एक गोल झाला होता, आणि तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून. त्या संघाचे प्रशिक्षक वालिद रेग्रागी 2004 च्या आफ्रिका चषकात मोरोक्कोची उजवी बाजू सांभाळत होते, नायबेतच्या संघात. आणि कतारमध्ये अर्जेंटिनाला विश्वविजेतं करणारे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी देपोर्तिवोत उजव्या बाजूला खेळायचे. तिथेही मध्यभागी नायबेतच होता.

नमस्कार.