ईटनच्या शेजारी, स्लाउमध्ये

काळे टेलकोट घालून तासाला निघालेली ही मुलं इंग्लंडमधल्या ईटन कॉलेजची. 1440 मध्ये राजा सहाव्या हेन्रीने ही शाळा काढली, ती 70 गरीब मुलांना फुकट शिकवायला. त्या 70 शिष्यवृत्त्या आजही आहेत. बाकीच्या हजारावर मुलांपैकी बहुतेकांचे पालक मात्र वर्षाला 50 हजार पौंडांहून जास्त फी भरतात. 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅटही लागतो.

इथून दोन-तीन किलोमीटरवर स्लाउ. हीथ्रो विमानतळाजवळचं कष्टकऱ्यांचं शहर. पंजाबी, पाकिस्तानी, पोलिश आणि अलीकडे आयटीतली मराठी घरं. इथल्या सरकारी शाळांना फी नाही, पण त्यांच्यातही किती तऱ्हा! चर्च ऑफ इंग्लंडची शाळा, शिखांची खालसा, मुस्लिमांची इक्रा. धर्माच्या नावाच्या, तरी चालतात सरकारी पैशावर. शिवाय अकॅडमी, ज्यांचा कारभार स्थानिक कौन्सिलकडे नसतो.

घरोघरी विषय मात्र एकच, इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा. 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर जवळपास सगळीकडे अकराव्या वर्षी मुलांची वाटणी होऊ लागली. पास झालेले ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे निवडक मुलांच्या सरकारी शाळेत, उरलेले बहुतेक सेकंडरी मॉडर्न या साध्या शाळेत. 1965 नंतर बहुतेक भागांनी ही पद्धत मोडून सर्वांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा आणल्या. इंग्लंडमध्ये आता 163 ग्रामर शाळा उरल्यात. त्यातल्या चार या एका स्लाउमध्ये.

सप्टेंबरमधली सकाळ. परीक्षेच्या रांगेत उभी असलेली ही पोरं दहा वर्षांची. इंग्रजी, गणित, शब्दांची कोडी, आकृत्या. किमान 111 गुण मिळाले तर मूल पात्र. तरीही जागा मिळेलच असं नाही. ऑक्टोबरात निकाल, 31 तारखेपर्यंत शाळांचा पसंतीक्रम, आणि प्रवेश कुठे ते कळतं थेट 1 मार्चला.

आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षाही साधारण याच वयात असते. पण ती हुकली म्हणून कुणाची शाळा बदलत नाही. इथे पुढच्या सात वर्षांची शाळाच परीक्षेवर ठरते. म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच क्लास सुरू होतात, आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत. मोफत जेवणाला पात्र असलेली गरीब मुलं ग्रामर शाळांत इतर शाळांपेक्षा खूपच कमी दिसतात. हुशार गरीब पोरासाठी उघडलेलं दार असं क्लासच्या फीपाशी अडावं, हे आम्हाला पटत नाही.