जागलीवरचा व्हॅम्पायर

[दृश्य : ताडोब्याच्या कडेचं शेत, रात्र. मचाणावर मोबाईलचा उजेड.]

तूर शेंगांवर आली की रानडुकरं उतरतात आणि रात्रभर जागल करावी लागते. मोहर्लीच्या अंगाला पोरं मचाणावर बसून, झोप घालवायला हिंदीत डब केलेल्या मालिका बघतात. रक्त पिणारे देखणे व्हॅम्पायर, पौर्णिमेला लांडगा होणारी माणसं. धुऱ्यापलीकडे खरा वाघ हिंडत असताना या खोट्या लांडग्याची एवढी ओढ का?

वाघ रानातून येतो. हा लांडगा आपल्याच अंगातून निघतो. आवाज फुटलेल्या, राग न आवरणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. या कथांना उथळ म्हणून झटकून टाकणं मला म्हणूनच जमत नाही.

[दृश्य : मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचा, पडका वाडा.]

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ सालची. कड्यावरच्या गढीत राहणारा, आसपासच्या गावांच्या रक्तावर पोसलेला काउंट. मालगुजारीच्या आठवणी ऐकत वाढलेल्या पूर्व विदर्भातल्या माणसाला तो चटकन ओळखू येतो. त्याच्यावर एक अट आहे : घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. अख्ख्या कादंबरीत मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. दार उघडणारं माणूस घरचंच असतं.

पुढे अशा अटी सैल होत गेल्या. २००५ च्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीतला व्हॅम्पायर नायक उन्हात चमचमतो, जनावरांच्या रक्तावर भागवतो. शंभरी ओलांडलेला हा गडी रात्री मुलीच्या खोलीत चोरून शिरतो, तिला झोपलेली बघत बसतो, आणि वाचकानं ते प्रेम समजायचं. कॉलेजसाठी रोज एसटीनं तालुक्याला जाणाऱ्या आमच्या मुलींना पाठलाग म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे. इथे मला राग येतो.

[दृश्य : एप्रिलची पहाट, मोहाखाली वेचणाऱ्या बाया.]

दुसरी उणीव त्याहून मोठी. या कथांत मेलेल्याला बहुधा घरच नसतं. मुडदा सापडतो आणि पुढच्या प्रकरणात विसरला जातो. इकडे मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघाच्या तावडीत सापडली की पंचनामा होतो, वनखात्याच्या मदतीसाठी कागद जमवावे लागतात, लेकरं मामाकडे जातात. आणि जावेला थोड्याच दिवसांत टोपली घेऊन त्याच झाडाखाली जावं लागतं, कारण मोह गळतो तो मोजके दिवस.

ताडोब्याची लोककथा मेलेल्याला विसरत नाही. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला. लोकांनी त्याला देव मानलं. तलावाकाठी त्याचं देऊळ आहे, पौषात तिथे जत्रा भरते.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. नरलांडग्याची गोष्ट त्या मंचासाठी कुणीतरी लिहावी. पहिल्या अंकात ज्याचा जीव गेला, त्याची बायको शेवटच्या अंकापर्यंत मंचावर असावी, आणि तिला बोलायला भरपूर वाक्यं असावीत.